सहावी ओळ

शनिवार, ९ जून

हाल्वर,

तुझ्या बोटीचं नाव मी दिलं. धक्क्यावर कोणीतरी कानात सांगण्याआधी ते माझ्या अक्षरात तुझ्या हातात पडावं, म्हणून लिहिते आहे. आठ वर्षांत पहिलं पत्र आणि तेही असलं. गोड बोलायची रीत आपल्या घरात कोणालाच नव्हती, त्यामुळे तुला धक्का बसणार नाही.

सोमवारी, चार तारखेला, खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावरची सीलची एक मादी कोणीतरी गोळी घालून मारली. आम्ही स्वयंसेवक सीलना नावं देत नाही, नंबर देतो. हिचा नंबर सतरा. डावा पर फाटलेला, म्हणून लांबूनही ओळखू यायची. चार वर्षं ती व्यायला इथेच येत होती. यंदाचं पिल्लू अकरा दिवसांचं होतं.

सरकारी मत्स्यखात्याच्या दुआर्तेबाईंनी मला कचेरीत बोलावलं. पट्ट्याच्या टोकापलीकडे एक माणूस छोटी नाव वल्हवत होता. त्याला दिसलं काही नाही, पण गोळीचा आवाज ऐकू आला आणि त्याच मिनिटाला त्याने फोन केला. फोनमधली वेळ दहा चाळीस. मला आवाज आला नाही. माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. वाऱ्यात कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, म्हणून मी ते काढून खिशात ठेवते. पण डोळे शाबूत आहेत. बाईंनी विचारलं, "दहा चाळीसला पट्ट्याजवळ कोणती बोट होती?" त्या सकाळी टेकाडावरून सील मोजताना लिहिलेला नोंदीचा कागद मी उघडला. बारावी ओळ, दहा चाळीस: हिरव्या केबिनची बोट, दक्षिण टोकाला, सावकाश. हिरव्या केबिनची, आईच्या नावाची बोट या खाडीत एकच आहे, तुझी.

शिवाय मार्चमध्ये तू गुत्त्यात चाळीस माणसांसमोर ओरडलास, की एकेका सीलला एकेक गोळी घाला म्हणजे सामन मासे परत येतील. तेही बाईंना आधीच ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.

सत्तावीसला सुनावणी आहे. गुन्हा सिद्ध झाला तर बोट जप्त होईल आणि परवाना कायमचा जाईल, हे मला कळतं. ऑगस्टमध्ये सामनचा हंगाम सुरू होतो हेही कळतं. मला यात आनंद नाही. जे दिसलं ते लिहिलं, एवढंच.

सिग्ने

गुरुवार, १४ जून

हाल्वर,

माझंच पत्र मला परत पाठवलंस, आणि मागे पेन्सिलीने दीड ओळ: "पावणेबाराला गेलो तिथून. गोळीबिळी नाही. हवं तर तुझ्या सीलना विचार." वा! पाकिटाला तिकीटसुद्धा लावलं नाहीस, त्याचे पैसे मला पोस्टात भरावे लागले.

पावणेबारा म्हणे! तुला काय वाटतं, मी टेकाडावर बसून स्वेटर विणते? घड्याळं खाऱ्या वाऱ्याने दोनदा मेली, म्हणून अंडी उकडायचा टायमर वापरते. दहा मिनिटांनी तो मुठीत थरथरतो. थरथरला की दुर्बिणीतून सगळे सील मोजायचे, किती मोठे, किती पिल्लं, काय करतायत, आसपास कोण आहे, आणि एक ओळ लिहायची. पाण्याच्या काठाशी काठी रोवलेली असते. पाणी तळाला जाऊन परत काठीकडे फिरलं की त्या ओळीपुढे "पूर्ण ओहोटी" लिहायचं. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून भरती-ओहोटीच्या पुस्तिकेतली ओहोटीची वेळ त्या ओळीला लावायची आणि तिथून दहा-दहा मिनिटं वर-खाली मोजत बाकीच्या ओळींना वेळा द्यायच्या. दहा वर्षं असंच करते आहे. तुझा मेहुणा ऑरिन समोर बसून कॉफी पितो आणि म्हणतो, "झालं का तुझं शेळ्या हाकणं?" त्या टेकाडावर वाऱ्याच्या आडोशाला फळ्यांचं खोपटं आहे ना, ते त्यानेच बांधून दिलंय. तू कधी बघितलं नसशील.

पिल्लाचं सांगते. तुला ऐकायचं नसलं तरी ऐक. आई मासे पकडायला गेली की पिल्लं वाळूवर एकटी पडून राहतात आणि हौशी लोक टॉवेलात गुंडाळून गाडीतून घरी नेतात. म्हणून आमचा नियम असा, की हात लावायचा नाही, दोन दिवस आई येते का बघायचं. या पिल्लाची आई मेलेली बुधवारी खालच्या पुळणीवर सापडली, तोवर आम्ही नियम पाळत बसलो होतो. एकदा मी मशीन कानात घातलं. ते पिल्लू "मा" म्हणतं रे, अगदी माणसासारखं. लगेच काढलं मी मशीन. खोक्यात घालून प्राण्यांच्या बचाव केंद्रात नेलं तेव्हा ते माझा अंगठा चोखत होतं. मंगळवारी गेलं ते.

तेव्हा तुझी पेन्सिल तुझ्यापाशी ठेव. ऑरिन म्हणतो, "कशाला पत्रं लिहितेस त्याला? त्याचं तो बघेल, त्याचा वकील बघेल." मी म्हटलं, भाऊ आहे माझा, शिव्या द्यायचा हक्क माझा आहे.

सिग्ने

मंगळवार, १९ जून

हाल्वर,

बसून वाच.

आज मर्ना आली होती. शाळेत विज्ञान शिकवायची ती, आता आमच्या गटाची सगळी पत्रकं एकत्र करते. माझे जूनचे कागद चाळता चाळता थांबली आणि म्हणाली, "सिग्ने, चार तारखेची चौदावी ओळ बघ. 'अकरा वाजता सगळ्यांनी एकदम माना वर केल्या, कारण कळलं नाही.' काय झालं होतं?"

"मला काय माहीत? गरुड आला असेल."

"गरुड आला तर पळतात. नुसत्या माना वर करून बसत नाहीत." तिने कॅलेंडरकडे बोट केलं. "महिन्याचा पहिला सोमवार होता. अग्निशमनवाले भोंगा वाजवून बघतात. तो भोंगा तुला ऐकू नाही आला, पण त्यांना आला."

"मग?"

"मग भोंगा बाराला वाजतो, बाई. अकराला नाही."

मी तिला हसले. खरंच हसले, हाल्वर. म्हटलं, कधी नव्हे ते लवकर वाजवला असेल. तिने पुस्तिका मागितली. दरवर्षी मी हार्डवेअरच्या दुकानातली पुस्तिका घ्यायची, ते दुकान गेल्या हिवाळ्यात बंद झालं. यंदाची मासेमारीच्या आमिषाच्या दुकानातून फुकट आणलेली. मर्नाने चष्मा पुसला आणि मुखपृष्ठाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत जे छापलंय ते मोठ्याने वाचलं: उन्हाळ्यात एक तास मिळवा.

मार्चमध्ये सगळा देश घड्याळं तासभर पुढे करतो आणि ही पुस्तिका मागेच राहिलेली. जुन्या पुस्तिकेत तो तास आधीच मिळवलेला असायचा, म्हणून मी कधी बघितलंच नाही. मार्चपासूनच्या माझ्या सगळ्या वेळा एक तास मागे आहेत. ज्या ओळीला मी दहा चाळीस लिहिलं, ती खरी अकरा चाळीसची आहे.

तू पावणेबाराच म्हणाला होतास.

मी खोडरबर शोधायला लागले. मर्ना म्हणाली, "खोडायचं नाही हं. मुलांनाही मी हेच सांगायचे. चुकीवर एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं, आणि खोडलेलं वाचता आलं पाहिजे." जाता जाता म्हणाली, "दुआर्तेबाईंना तू सांगतेस की मी सांगू?" मी म्हटलं, मी सांगेन.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मला आनंद नाही. खोटं होतं ते. ती बारावी ओळ बाईंच्या पुढे सरकवली तेव्हा मला बरं वाटलं होतं. पट्ट्यावर पिल्लांच्या हंगामात जाळी बंद करा म्हणून मी सरकारला आकडे दिले, त्यावरून तू बाबांच्या अंत्यविधीला आलेल्या सगळ्या माणसांसमोर म्हणालास, "हिला भाऊ नाही, सील आहेत." ते आठ वर्षं माझ्या घशात अडकलं होतं. बाईंकडे गेले त्या दिवशी गिळलं गेलं. घरी येऊन मी पोटभर जेवले.

मला दोन दिवस दे. बाकीची पानं तपासायची आहेत. मग बाईंना फोन करते.

सिग्ने

शुक्रवार, २२ जून

हाल्वर,

तुझा कागद मिळाला. "दोन दिवस कालच संपले." बरोबर आहे तुझं.

पानं तपासायला दोन दिवस लागले नाहीत. दोन तास लागले. मी तुझ्याशी पुन्हा खोटं बोलले आणि आता या टेबलाशी बसून विचार करते आहे की आणखी एकदा बोलता येईल का. नाही जमत. घोटभर कॉफी घेते, एक ओळ लिहिते, पुन्हा उठते.

ऐक. तुझी ओळ एक तास पुढे सरकली, तर बाकीच्याही सरकणार. गोळी दहा चाळीसला सुटली. माझ्या कागदावर तेव्हा नऊ चाळीस. ती सहावी ओळ. त्या ओळीत मी लिहिलंय: एकशे बारा सील एकदम पाण्यात, कारण कळलं नाही. आणि त्याच ओळीत पुढे: ऑरिनची छोटी होडी, दक्षिणेच्या बाजूला, पिंजऱ्यांकडे. मी त्याला हात केला होता. त्यानेही केला.

दुआर्तेबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आणखी कोणी होतं का?" मी म्हटलं, "तासभर आधी माझा नवरा होता, खेकड्यांचे पिंजरे काढायला." त्या हसल्या आणि त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.

म्हणजे मी फोन उचलून नुसतं "तास चुकला" म्हटलं, की तू सुटलास आणि तो अडकला. मधे दुसरं काही नाही. ही एकच गोष्ट आहे, दोन नाहीत.

मी त्याला अजून विचारलेलं नाही. चार दिवस त्याच्यासमोर बसून जेवते आहे. तो विचारतो, "मीठ कमी आहे का?" मी म्हणते, "नाही, ठीक आहे." काल त्याने माझ्या स्टुलाचा हलणारा पाय बसवून दिला. एक्केचाळीस वर्षं झाली, हाल्वर. या माणसाने माझ्यावर आवाज चढवलेला नाही. रायफल कपाटातच आहे. मी वास घेऊन बघितला, मला काय कळतंय त्यातलं. कदाचित खडकावरून कोणी दुसऱ्यानेच घातली असेल गोळी. असं होऊ शकतं. शकतं ना?

तुला हे सांगते आहे याचा अर्थ कळतो ना? तूच हा कागद दुआर्तेबाईंच्या हातात दिलास तरी काम होईल. तू दिलास तर मी तुला काही म्हणणार नाही. पण रविवारपर्यंत थांब. मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे.

सिग्ने

सोमवार, २५ जून

हाल्वर,

थांबलास. मला वाटलं नव्हतं थांबशील.

काल सकाळी मी शेडमध्ये गेले. तो पिंजऱ्याला नवी जाळी बांधत होता. मशीन कानात घालून गेले होते, ते त्याने बघितलं आणि हातातली सुई खाली ठेवली. घरात मी ते कधी घालत नाही.

मी म्हटलं, "ऑरिन, माझी पुस्तिका एक तास मागे होती."

त्याने विजारीला हात पुसले. मग म्हणाला, "मर्नाला सापडलं का?"

"तुला माहीत होतं?"

"वेळ चुकल्ये हे माहीत होतं. कशी ते माहीत नव्हतं. तू हाल्वरला दहा चाळीसला बसवलंस आणि दहा चाळीसला तर तिथे मी होतो."

बस, एवढ्यात सांगून टाकलं त्याने. मी म्हटलं, "का? खेकड्यांसाठी?"

"खेकडे गेले खड्ड्यात. ती पिंजऱ्याचं आमिष ओढत होती. शेजारी पिल्लू होतं. माझी बोटं आखडलेली, दोरी सुटेना. रायफल होती. झालं."

"झालं? पिल्लू आठ दिवस मेलं नाही, ऑरिन! माझ्या हातात होतं ते."

तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. "सिग्ने, तू तो पट्टा बंद केलास तेव्हा जाळं फक्त तुझ्या भावाचं गेलं का? माझंही तिथेच होतं. तो तोंडावर बोलला, शिव्या दिल्या, निघून गेला. मी बोट विकली आणि तुला खोपटं बांधून दिलं. तू एकदा तरी विचारलंस, बोट का विकली म्हणून?"

"तू म्हणालास हात दुखतात!"

"हात दुखतातच."

मी विचारलं, हाल्वरवर आलं तेव्हा का गप्प बसलास? तर म्हणाला, "मला वाटलं, दंड करतील आणि सोडतील. मग बोटीचं निघालं. मी त्या संध्याकाळीच सांगणार होतो. पण तू दुआर्तेबाईंकडून आलीस ती अशी खुशीत जेवलीस, दोनदा वाढून घेतलंस. मला धीर झाला नाही." आणि मग, मान खाली घालून, "वाटलं, तुला तसाही तो नकोच आहे."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. तू काही संन्यासी नव्हेस, पण फाशीचा दोर मी वळला आणि चोर मला कॉफी करून देत होता. मी त्याच्यावर ओरडले. पिंजरा लाथाडला, नडगी सोलून निघाली. तो उठून औषधाचा डबा घेऊन आला. सांग, अशा माणसाचं काय करायचं? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तुझ्यावर आठ वर्षं रागावले, कारण तू बोललास. आणि जो बोलला नाही त्याला मी सगळीकडे चांगला नवरा म्हणून मिरवलं. तू त्या दिवशी जे म्हणालास ते मला आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. पण ते निदान मला ऐकू आलं.

आज सकाळी दुआर्तेबाईंना फोन केला.

सिग्ने

मंगळवार, २६ जून, दुपार

हाल्वर,

हे पत्र तुझ्या पेटीत मर्ना स्वतः टाकणार आहे, म्हणजे आजच मिळेल.

बाई काल संध्याकाळी येऊन गेल्या. मूळ कागद बघितले. मी मार्चपासूनच्या प्रत्येक वेळेवर एकेक रेघ मारली आहे आणि शेजारी खरी वेळ लिहिली आहे. खोडलेलं सगळं वाचता येतं. मर्ना म्हणते की यंदाच्या अहवालात माझी पानं घेता येणार नाहीत, पुढच्या वर्षी टेकाडावर बसायला देतील की नाही तेही सांगता येत नाही. तिने ते तोंडावर सांगितलं, त्याचं मला बरं वाटलं.

दुआर्तेबाईंनी पेन बंद केलं आणि म्हणाल्या, "एक सांगते. नवऱ्याविरुद्ध बोलायची कायद्याने तुमच्यावर सक्ती नाही. तुम्ही फक्त बाराव्या ओळीबद्दल बोला. सहाव्या ओळीबद्दल मी तुम्हाला भाग पाडू शकत नाही."

ऑरिन दाराशी उभा होता. त्याने ऐकलं.

मी रात्रभर ते चघळलं. फक्त बारावी ओळ दुरुस्त केली, तर गाव काय म्हणेल? बहिणीने भावासाठी घड्याळ फिरवलं. न्यायाधीशही तेच म्हणतील आणि त्यांचं चुकणार नाही. एक तास चुकला हे खरं वाटायचं असेल तर सगळाच कागद खरा धरावा लागतो. गोळी सुटल्यावर एकशे बारा सील पाण्यात गेले ती ओळ धरावी लागते. आणि तिच्यात जो होता त्याचं नाव माझ्या तोंडून यावं लागतं. तो स्वतः उभा राहून सांगेल असं मला वाटलं होतं. आज सकाळी विचारलं. म्हणाला, "मला जमणार नाही, सिग्ने. विचारलं तर नाही म्हणणार नाही. पण आपणहून तोंड उघडायचं म्हणजे... तू सांग." आयुष्यभराची सवय, एका दिवसात कशी जाणार?

तेव्हा मी सांगणार आहे. उद्या नऊ वाजता, तुझ्यासमोर.

तुला एकच मागते. त्याला तिथे काही बोलू नकोस. तुझ्या तोंडात काय काय येईल ते मला पाठ आहे, आणि त्यातलं निम्मं त्याला लागूही पडतं. पण बोलायचं तर माझ्याशी बोल. बाहेर पायऱ्यांवर थांबेन. हवं तेवढं बोल, मशीन कानात घालून येणार आहे.

कोर्ट साठ किलोमीटरवर आहे आणि मला पुलावरून गाडी चालवता येत नाही, हे तुला माहीत आहे. मर्नाला विचारणार होते. तेवढ्यात ऑरिन आत आला. दोघांचे चांगले कोट इस्त्री करून खुर्चीवर टाकले आणि बूट पुसायला बसला. मी कुठे जाते आहे आणि तिथे काय म्हणणार आहे, ते त्याला शब्द न शब्द माहीत आहे. बूट पुसता पुसता त्याने एवढंच विचारलं, "सातला निघायचं की साडेसातला?"

मी म्हटलं, "सातला."

सिग्ने